पेटीबाहेरचं डोकं

पेटी आली त्या दिवशी रत्नागिरीत पाऊस नुसता कोसळत होता. टेम्पोची ताडपत्री काढली तसं तिच्यात साचलेलं पाणी आम्हा चौघांच्या मानेवरून पाठीत उतरलं. जिन्याच्या वळणावर पेटी अडकली, परत खाली घेतली, दार सुटं केलं आणि अखेर दुसऱ्या मजल्यावर चढवली. पांढरी, फायबरची, पुढे काचेचं दार. आत स्टूल. वर गळ्यासाठी अर्धगोल कापलेल्या दोन फळ्या. माणूस आत बसला की फळ्या गळ्याशी मिटतात, डोकं तेवढं बाहेर राहतं आणि उरलेल्या फटीत टॉवेल खोचायचा.

ज्या वेलनेस केंद्रासाठी पेटी आणली होती त्याच्या मालकांनी खोक्यावरचं चित्र मला दाखवलं. बाई आत बसलेली, डोकं बाहेर, चेहऱ्यावर हसू. "ओझोन सौना," ते म्हणाले. "वाफ आणि ओझोन एकत्र. त्वचेतून शरीरात जातो, विषारी द्रव्यं बाहेर काढतो. तुम्ही ओझोनमधले माणूस, जोडणी तुम्हीच करून द्यायची."

मी एवढंच विचारलं, "डोकं बाहेर का हो ठेवलंय?"

"आत गुदमरायला होतं ना वाफेनं."

उत्तर अर्धं खरं होतं. आयुर्वेदातल्या बाष्पस्वेदाच्या पेटीतही डोकं बाहेरच असतं, ते थंड राहावं म्हणून. पण या पेटीत कारण आणखी एक होतं आणि पेटी बनवणाऱ्याला ते चांगलं ठाऊक होतं. सोबतच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरात छापलं होतं: वायू श्वासावाटे घेऊ नये, खोली हवेशीर ठेवावी. पुढच्या पानांवर मोठ्या अक्षरात ओझोनचे गुण आणि मागे बारीक अक्षरात ही सूचना. मी पुस्तिका उलटीकडून वाचतो, ही धंद्यातली सवय.

माझा धंदा ओझोन जनरेटर दुरुस्तीचा. बाटलीबंद पाणी भरण्याचे कारखाने आहेत ना, त्यांचा. पाणी आरओमधून आलं की भरण्याआधी त्यात ओझोन सोडतात. जंतू मरतात आणि थोड्या वेळात ओझोन मोडून त्याचा परत साधा ऑक्सिजन होतो, म्हणून पाण्याला क्लोरीनसारखी चव राहत नाही. फ्रान्समधल्या नीस शहरानं १९०६पासून आपलं पिण्याचं पाणी असं शुद्ध केलं. पाण्यात ओझोनसारखा कामाचा गडी नाही, हे मी वीस वर्षं हातानं अनुभवलेलं आहे. त्याच्याशी माझं वैर नाही. माझं भांडण फक्त त्याला छातीत घेण्याशी आहे.

आणि ते मी शिकलो तेही छातीनंच. कामाला लागलो त्या पहिल्या पावसाळ्यात एका कारखान्यात पाण्याच्या टाकीचा व्हेंट बाहेर काढायचा राहून गेला होता. टाकीतून निसटणारा वायू खोलीतच फिरत होता. मी आत शिरलो तेव्हा वास आला. वीज कडाडून गेल्यावर येतो तसा, थोडा धातूसारखा, थोडा झेरॉक्सच्या दुकानात दुपारी येतो तसा. दहा मिनिटांनी वास गेला. मला वाटलं वायू गेला. मी तासभर तिथेच वाकून नट आवळत बसलो. रात्री घरी खोकल्याची उबळ थांबेना आणि सगळ्यात भीती कशाची वाटली तर पूर्ण श्वास घेताच येईना. अर्ध्यावर काहीतरी अडवत होतं, जणू छातीच्या दाराला आतून कडी घातली होती.

दुसऱ्या दिवशी माझे उस्ताद, कोल्हापूरकडचे वयस्कर मेकॅनिक, माझ्यावर भयंकर चिडले. म्हणाले, "वास येतोय तोवर बाहेर पडायचं. वास येईनासा झाला म्हणजे वायू संपला नाही, तुझं नाक संपलं." हे वाक्य मी तेव्हापासून कुठेही गेलो तरी आधी बोलून टाकतो.

ती आतली कडी म्हणजे काय, हे पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. ओझोनचा रेणू तीन ऑक्सिजनचा. तिसरा अणू धड नांदत नाही, मिळेल त्याच्याशी जुळायला धावतो. फुप्फुसाच्या आतल्या पडद्यावर द्रवाचा अगदी पातळ थर असतो, त्यातल्या स्निग्ध पदार्थांवर ओझोन तुटून पडतो. तिथून जी द्रव्यं तयार होतात ती पेशींना सूज आणतात आणि मज्जातंतूंना चेतवतात. मग शरीरच खोल श्वास अडवतं, ही झाली कडी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे निरोगी तरुणांना बंद कक्षात ठेवून, मधूनमधून व्यायाम करायला लावून, ०.०८ पीपीएम ओझोन असलेल्या हवेत ६.६ तास श्वास घ्यायला लावला होता. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि हा तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी. तरी त्यांची फुप्फुसं कमी फुगली. बरं वाटायला लागलं तरी सूज नंतरही रेंगाळते. माझा खोकला तीन दिवसांत गेला. पुढे आठ-दहा दिवस मांडवीच्या जेट्टीवर चालताना मात्र दम पूर्वीसारखा भरत नव्हता.

माझ्या त्या फजितीत नवं काहीच नव्हतं. ज्यानं ओझोन शोधला त्याच्याही छातीत तो गेला होता. बाझेलच्या विद्यापीठातला ख्रिस्टियान फ्रिडरिख श्योनबाइन १८३९-४०च्या सुमारास पाण्यातून वीज सोडत होता, तेव्हा त्याला हा वास आला. ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या क्रियापदावरून त्यानं नाव दिलं ओझोन. म्हणजे नावातच ओळख दिली आहे, वास आला की समजावं. पुढे हुंगून त्याला छातीत दुखलं, श्वासाला त्रास झाला आणि तेही त्यानं लिहून ठेवलं. त्यानं आणखी एक सोपी गोष्ट मागे ठेवली, पिष्ट आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद. ओझोन लागला की कागद निळा-जांभळा होतो. हा कागद या किस्स्यात पुढे येणार आहे.

आता लोकांना ओझोन एवढा आवडतो का, तर माझ्या मते दोष शाळेच्या पुस्तकाचा. आपण सगळे शिकलो की ओझोनचा थर आपलं रक्षण करतो, त्याला भोक पडलं तर घात. शिकवलं ते बरोबरच. पण तो थर जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर आहे, तिथे श्वास घ्यायला कुणी नाही. तोच रेणू खाली आपल्या नाकाशी आला की प्रदूषण ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९मध्ये हवेची मानकं ठरवली त्यात धूळ आणि धुराच्या यादीत ओझोनही आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, तासाला १८०. पुण्या-मुंबईच्या हवेचा रोजचा अंदाज सांगणारी 'सफर' यंत्रणाही ओझोन मोजते ती त्याच काळजीनं. पुस्तकातला चांगला ओझोन आणि मानकातला वाईट ओझोन यांच्यात रेणूचा फरक नाही, जागेचा आहे.

दुसरा घोळ तुळशीचा. आमची आत्या पावसजवळ राहते. तिच्या मोबाइलवर दर चातुर्मासात येणारा निरोप असा, की तुळस पहाटे ओझोन सोडते, म्हणून पहाटे वृंदावनाला प्रदक्षिणा. तिनं मला अभिमानानं विचारलं, "तू ज्याची यंत्रं दुरुस्त करतोस तो आपल्या अंगणात फुकट मिळतो, ठाऊक आहे का तुला?" मी म्हटलं, "आत्या, तुळस सोडते ती तिची सुगंधी तेलं. ओझोन नाही सोडत, आणि सोडत असती तर तुला तिच्याजवळ उभं राहू दिलं नसतं मी." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. प्रदक्षिणा सोडायला मी सांगितलेलं नव्हतं, सांगणारही नाही. पण ओझोन म्हणजे शुद्ध हवा ही समजूत घराघरात किती खोल गेली आहे ते मला त्या आठ दिवसांत कळलं. समुद्रावरच्या हवेत ओझोन असतो म्हणून ती तब्येतीला चांगली, असं एकोणिसाव्या शतकात युरोपातले लोकही मानायचे. भाट्याच्या वाळूत उभं राहिलं की जो वास येतो तो मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीवांमधून निघणाऱ्या गंधकाच्या एका संयुगाचा. ओझोनचा त्यात हात नाही.

तर पेटी. मी जोडणीला एका अटीवर तयार झालो, आधी मोजायचं. मालक भले माणूस होते. कर्ज काढून केंद्र उघडलं होतं, फसवायचं म्हणून नव्हे. विकणाऱ्यानं सांगितलं ते त्यांनी मानलं होतं. विकणारा स्वतः फोनवर आला. मी विचारलं, "वायू गळ्यातून वर आला तर?" तो म्हणाला, "साहेब, ओझोन हवेपेक्षा जड असतो, खालीच राहतो."

ओझोन हवेच्या जवळजवळ १.६ पट जड आहे, यात खोटं काही नाही. पण पेटीत शुद्ध ओझोन भरलेला नसतो. तिथे असते गरम वाफ आणि तिच्यात मिसळलेला थोडासा ओझोन. गरम, ओली हवा वरच जाणार, चुलीवरच्या भातासारखी. आणि पेटीला वर एकच वाट आहे, गळ्याभोवतीची फट. फटीच्या वर दहा-बारा इंचांवर नाक. मी त्याला हे सांगितल्यावर त्यानं दुसरं सांगितलं, "उष्णतेनं आणि वाफेनं ओझोन मोडतो." तेही खरं, लवकर मोडतो. पण मग त्वचेतून शरीरात काय जातं? तो सगळा मोडत असेल तर उपचार कसला, आणि मोडत नसेल तर नाकाचं काय? या प्रश्नावर फोन कट झाला, रेंज गेली असेल.

हिशेब मी मालकांपुढे कागदावर मांडला. खोली दहा बाय दहा, उंची दहा फूट. म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. कारखाने अधिनियम, १९४८च्या दुसऱ्या अनुसूचीत ओझोनची आठ तासांची मर्यादा ०.१ पीपीएम होती, म्हणजे घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम. पूर्ण खोली त्या मर्यादेला पोचायला किती ओझोन लागेल? सहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. आणि यंत्र तासाला बनवतं ५०० मिलिग्रॅम. सगळाच बाहेर आला, वाटेत काही मोडला नाही असं धरलं, तर पाऊण मिनिटात मर्यादा गाठली. सगळा बाहेर येणार नाही, हे मलाही मान्य. पण दहावा हिस्सा आला तरी सात मिनिटं, आणि एक बैठक वीस-तीस मिनिटांची.

मग यंत्रातून पेटीत जाणाऱ्या नळीतला आकडा. ओझोनवाल्यांची भाषा मायक्रोग्रॅमची असते. 'वीसवर ठेवा' म्हणजे एक मिलिलिटर वायूत २० मायक्रोग्रॅम. ऐकायला किती नाजूक! तोच आकडा हवेच्या भाषेत आणला तर सुमारे दहा हजार पीपीएम होतो, म्हणजे एक टक्का. कारखान्यात ज्याची मर्यादा ०.१, तो नळीत लाख पट. मालक कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे पुस्तिकेत का नाही?"

तांदळाच्या पेजेनं उरलेलं काम केलं. मीटर माझ्याकडे होता, पण तो वाफेत भरवशाचा नसतो आणि आकड्यावर लोक वाद घालतात. रंगावर घालत नाहीत. मी घरी पेज गाळून घेतली, तिच्यात पोटॅशियम आयोडाइड विरघळवलं, गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत सुकवल्या. श्योनबाइनचीच युक्ती, फक्त पिष्ट कोकणातलं. क्लोरीननंही या पट्ट्या रंगतात, म्हणून आदल्या दिवशीपासून त्या मजल्यावर फरशी धुण्याचं ब्लीच बंद ठेवायला लावलं. मग पेटी रिकामीच चालू केली. आत माणूस नाही, गळ्याच्या जागी पुठ्ठ्याचा गोल डबा आणि त्याभोवती टॉवेल. पट्ट्या लावल्या फटीच्या वर, खिडकीशी, दाराशी आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर.

फटीवरची जांभळी झाली, ते सगळ्यांना अपेक्षित होतं. मला धक्का बसला तो स्टुलावरच्या पट्टीचा. ती सात-आठ मिनिटांत निळसर झाली.

त्या स्टुलावर एक मुलगी बसते. वीस-एकवीस वर्षांची, गोळप-पावसच्या बाजूची, सकाळच्या एसटीनं यायची. काम: गिऱ्हाईक आत बसवायचं, टॉवेल खोचायचा, घाम पुसायचा, पाणी पाजायचं, बैठक संपली की दार उघडून द्यायचं, टॉवेल बदलायचा, पुढचं गिऱ्हाईक. चाचणीच्या आठवड्यात ओळखीपाळखीच्या लोकांना फुकट बैठका दिल्या होत्या, मला न सांगता. रोज सहा-सात. जो आत बसला त्याला अर्धा तास. तिला दिवसभर. आणि दार उघडायच्या क्षणी तर आत साठलेला सगळा वायू तिच्याच तोंडावर येणार. सौनाच्या सुरक्षेबद्दल जगभर जे लिहिलं-बोललं जातं, ते आत बसणाऱ्याबद्दल. दार उघडणाऱ्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. त्या दिवसापर्यंत मीही बोललो नव्हतो.

मी तिला विचारलं, "वास येतो का?"

"पहिल्या दिवशी आला होता काका. आता नाय येत."

उस्तादांचं वाक्य माझ्या डोक्यात वाजलं. "खोकला?"

"पावसाळी आहे तो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "इथली रबरं फार हलकी आणतात हो. टॉवेलच्या गुंडाळीला लावली की दोन दिवसांत तुटतात. माझं केसाचंपण तुटलं."

मी खणातली रबरं हातात घेतली. ताणून बघितली तर काठाशी आडव्या बारीक भेगा, एकीशेजारी एक. आमच्या धंद्यात हे दिसलं की मीटर लागत नाही. ताणलेल्या नैसर्गिक रबराला ओझोन असाच कातरतो. म्हणून तर ओझोनच्या यंत्रात साधी रबरी नळी चालत नाही, सिलिकॉन किंवा टेफ्लॉन लावावं लागतं. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात ओझोन आहे हे १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या रसायनतज्ज्ञानं दाखवलं, तेव्हा तिथल्या टायरना पडणाऱ्या भेगा हाच मोठा पुरावा होता. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला भेग पडायला किती वेळ लागतो यावरून ते हवेतला ओझोन मोजत. इथे खणातली दहा पैशांची रबरं तेच मोजून बसली होती आणि कुणी वाचत नव्हतं. मी ती रबरं मालकांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे बाहेरचं रबर. आतल्या फुप्फुसाला तर एवढीही जाडी नाही."

त्याच आठवड्यात दुसरं एक कळलं. खोलीला छान वास यावा म्हणून पेटीजवळ लिंबाच्या आणि गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकत असत. कल्पना सुंदर, पण ओझोन आणि लिंबाच्या तेलातलं लिमोनिन एकत्र आलं की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. माणसाच्या त्वचेवरच्या तेलाशीही ओझोन असाच भिडतो, वरच्या वर. त्वचेतून तो वायू म्हणून रक्तापर्यंत पोचतो, हे विकणाऱ्याचं म्हणणं मला कुठेच आधारानं सापडलेलं नाही. जे पोचतं ते वरच्या प्रक्रियेतून उरलेलं काहीबाही.

मग बरं वाटतं ते कशानं? कारण बरं वाटतं, हे खोटं नाही. फुकट बैठका घेतलेले दोघे-तिघे मला मनापासून म्हणाले की अंग हलकं झालं, झोप लागली. माझं उत्तर साधं आहे: उष्णतेनं. संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत, आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरून अंग मोकळं करत आले आहेत. फिनलंडमध्ये २,३०० हून अधिक मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं नजर ठेवून २०१५मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वारंवार सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. सौनामुळेच कमी झाले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण दिसले. त्या सौनात ओझोन नव्हता, नुसती ऊब होती. गुण उष्णतेचा आणि पावती ओझोनच्या नावानं फाडायची, हे मला खटकतं. उष्णतेलाही तिचा धोका आहेच. रक्तदाबाची गोळी घेणारा, हृदयाचा रुग्ण, गरोदर बाई यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय साध्या वाफेच्या पेटीतही बसू नये.

मालकांना इथवर पटलं, पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. विकणाऱ्यानं त्यांना जोडीला आणखी एक उपचार सुचवला होता. ओझोन ऑलिव्हच्या तेलातून बुडबुड्यांनी सोडायचा आणि तेलावरून आलेली हवा नाकातल्या नळीनं हुंगायची. दम्याला चांगलं म्हणे! मी आयुष्यात गिऱ्हाइकावर आवाज चढवला तो त्या दिवशी. तेल ओझोनला खातं, पण किती खातं ते तेल किती ताजं, नळी किती खोल, वायूचा वेग किती यावर असतं. तेल भरलं की ओझोन सरळ वर येतो. आणि तेलानं ओझोन खाल्ला तरी त्यातून अल्डिहाइडं सुटतात, तीही नाकातच जाणार. दम्याच्या माणसाची श्वासनलिका आधीच सुजलेली, ओझोननं दमा उठतो हे तर कोणताही छातीचा डॉक्टर सांगेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम याबाबत सरळ आहे. त्यांच्या लेखी ओझोन हा विषारी वायू आहे आणि उपचारात त्याचा सिद्ध झालेला उपयोग नाही. जंतू मारायला तो जेवढा लागतो तेवढा माणसाला सोसत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. माणसं वावरतात तिथे उपकरणातून ०.०५ पीपीएमपेक्षा जास्त ओझोन साचू नये, असं ते सांगतात. आपल्याकडे १९५४च्या जादुई उपाय कायद्यानं कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. मालकांच्या फलकावर मधुमेह होता. तो शब्द त्यांनी त्याच संध्याकाळी ब्लेडनं खरवडून काढला.

कोविडच्या वर्षीही मी ओझोनचं हे वेड बघितलं होतं. तेव्हा खोल्या निर्जंतुक करायला ओझोनची यंत्रं हवी म्हणून मला रोज फोन. रिकाम्या, बंद खोलीत, नंतर पुरेशी हवा खेळवून, हे मी समजू शकत होतो. पण 'माणसं आत असताना चालवलं तर' असं विचारणारे निघाले. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२०मध्ये सांगावं लागलं, असा तो काळ. त्याच सुमारास अमेरिकेत डॅलसमधल्या एका वेलनेस केंद्राविरुद्ध सरकारला न्यायालयात जावं लागलं, कारण ते ओझोननं कोविड बरा होतो असं सांगत होतं. भीती असली की माणूस वास येणारी, बुडबुडे काढणारी, दिवे लागणारी कुठलीही वस्तू विकत घेतो.

पुण्याची एक गोष्ट मला या सगळ्यात सारखी आठवते. हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात १९४८मध्ये ॲना मणी नावाच्या शास्त्रज्ञ रुजू झाल्या, केरळातल्या पीरमेडच्या. उपकरणं परदेशातून आणायची नाहीत, इथे बनवायची, हा त्यांचा ध्यास. साठच्या दशकात त्यांनी ओझोन मोजणारं भारतीय यंत्र घडवलं. फुग्याला बांधून ते आकाशात सोडायचं, वर जाता जाता ते प्रत्येक उंचीवरचा ओझोन सांगत जातं. त्या यंत्रात मोजणीचं काम करतं पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. श्योनबाइनच्या कागदावरचं, ॲना मणींच्या फुग्यातलं आणि माझ्या पेजेतलं रसायन एकच. फरक एवढा, की त्यांनी ते ओझोन जिथे असायला हवा तिथे, आकाशात पाठवलं. मला ते दुसऱ्या मजल्यावर, एका मुलीच्या स्टुलावर ठेवावं लागलं.

शेवट माझ्या मनासारखा झाला आणि त्याचं श्रेय मालकांना. मी त्यांना दोन वाटा दिल्या होत्या. ओझोन ठेवायचाच तर पेटीला बाहेर खेचणारा पंखा, त्यापुढे वायू मोडणारा डिस्ट्रक्टर, खोलीत अलार्म असलेला मीटर, दार उघडण्याआधी ओझोन बंद करून पेटी पूर्ण धुऊन निघेल एवढा वेळ, आणि तरीही दमेकऱ्याला, लहान मुलाला, गरोदर बाईला आत घ्यायचं नाही. नाहीतर ओझोन काढून टाकायचा. त्यांनी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "या, नळी काढून टाका." जनरेटर मी सोडवला, नळीचं भोक बुजवलं, पेटी वाफेची झाली. फलकावर आता नुसतं 'स्टीम बाथ' आहे. गिऱ्हाईक कमी झालं का, हे मी विचारलं नाही. विचारायला जीभ वळली नाही, कारण कर्जाचा हप्ता त्यांचा होता, माझा नव्हता.

मुलीला आम्ही जिल्हा रुग्णालयात दाखवून आणलं. ओझोन जास्त गेला असेल तर छातीत पाणी होण्याचा त्रास कित्येक तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून खोकला, छाती आवळणं, दम लागणं यातलं काहीही झालं तर मोकळ्या हवेत जायचं आणि थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा, 'बघू उद्या' म्हणायचं नाही. तिचं तेवढ्यावर गेलं नव्हतं. फुंकर मारायच्या यंत्रात तिनं फुंकर मारली, डॉक्टरांनी काही दिवस विश्रांती सांगितली. पंधरवड्यानं खोकला गेला. म्हणजे तो पावसाळी नव्हता.

निघताना तिनं उरलेल्या पट्ट्या मागितल्या. मी डबीत घालून दिल्या, ओल लागू देऊ नकोस म्हटलं. तिला हव्या कशाला, ते मी विचारलं नाही.

श्रावणात केंद्रावर वाफेचा कॉइल बदलायला गेलो तर तिनं ती डबी काढली. आत दोन पट्ट्या, मागे पेन्सिलीनं लिहिलेलं. एक 'तुळस', दुसरी 'विहीर'. तुळशीच्या वृंदावनाजवळ वळचणीखाली एक रात्रभर टांगलेली, दुसरी तशीच विहिरीच्या रहाटाजवळ, तुळशीपासून लांब. "नुसती तुळशीची ठेवली असती तर कशाशी ताडून बघणार होतो काका?" ती म्हणाली.

मी दोन्ही खिडकीशी धरल्या. उघड्यावर थोडासा ओझोन कुठेही असतोच, तेवढी अगदी फिकी जांभळट छटा होती. दोन्हींवर सारखीच.

"आजीला दाखवल्या," ती म्हणाली. "ती म्हणते, मग प्रदक्षिणा माझी मी घालते, ओझोनसाठी नाय."

एक पट्टी मी आत्यासाठी मागून घेतली.